तिसरी हाळी

रूथला गाडीत खिडकीची जागा मिळाली. बसल्याबरोबर तिनं पोलक्यात खोचलेली रुमालाची गाठ चाचपून पाहिली. होती जागच्या जागी. एकशे दहा रुपये. दौंडच्या रेल्वे चाळीतल्या निम्म्या बायकांची पोलकी-परकर शिवून, मशीन फिरवून फिरवून उजव्या खांद्याचं वाटोळं करून साठवलेले. समोर तिचा नवरा दानिएल फळीला डोकं टेकून झोपला होता. रात्रपाळी करून तसाच गाडीत चढलेला. तोंड उघडं, कोटाच्या कॉलरवर कोळशाची काळी रेघ. झोपेतसुद्धा माणूस दमलेला दिसावा म्हणजे काय म्हणायचं!

"आज संपतं हे," ती स्वतःशीच म्हणाली. "एकदाचं संपतं."

काय संपायचं होतं ते आधी सांगायला हवं. दानिएल मूळचा शिरूरचा, मिशनच्या वस्तीतला. बाप रंधा मारणारा सुतार. पोरगा मॅट्रिकला वस्तीत पहिला आला तेव्हा तिथल्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या लोकांनी, ठरवलं की ह्याला पुण्याला कॉलेजात धाडायचं. पैसा कुणाकडं होता? कुणाकडंच नव्हता. पण दरसाल कापणीच्या सणाला लोक रानातलं, परसातलं काहीबाही देवाला म्हणून घेऊन येत. कुणी ज्वारीची पेंढी, कुणी कोंबडी, कुणी दुध्या. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव व्हायचा. त्या लिलावातनं शिक्षणाचा फंड उभा राहिला आणि त्या फंडातनं दानिएलला नऊशे रुपये मिळाले. फुकट नव्हे, उसने. कमावता झाला की त्यानं ते फेडायचे, आणि फिटले की मगच पुढचं पोर कॉलेजात जायचं.

विषय त्यानं घेतला राज्यशास्त्र. वस्तीला वाटलं, राज्य कसं करायचं ते शिकतोय, म्हणजे मामलेदार तरी झालाच! इंग्रज नुकताच गेलेला, रिकाम्या खुर्च्यांवर बसायला माणसं लागणारच की. मंडळीचे वडील पंच शलमोनमामा, त्यांनी तर भर सभेत सांगितलं, "आपल्यातला एकजण कचेरीत बसला, की वस्तीला विहीर झालीच म्हणून समजा."

कसली कचेरी आन् कसलं काय! बी.ए. झाल्यावर दोन वर्षं अर्ज लिहिण्यात गेली, आणि शेवटी चिकटला कुठं, तर दौंडच्या मालधक्क्यावर, गुड्स क्लार्क म्हणून. त्या जागेला मॅट्रिक पुरतं. त्याच्याबरोबर मॅट्रिक झालेला संपत सरळ तिथंच लागला होता, तो आपोआप सहा वर्षांनी पुढं. त्याला पगार जास्ती, पाळी दिवसाची, आणि दानिएलच्या रजेवर सही त्याची. संपत माणूस वाईट नव्हता. "बीए, तुमचं इंग्लिश फर्स्टक्लास!" म्हणायचा आणि धक्क्यावरची सगळी पत्रं ह्याच्याकडून लिहून घ्यायचा.

हा हिशेब रूथनं लग्न झाल्यापासून कितीदा मनात मांडला असेल! चार वर्षं शिकण्यात गेली, दोन अर्जात गेली, वर नऊशेचं ओझं. आणि जमेला काय? दारावरची पाटी. त्या पाटीवरच्या 'बी.ए.'ला चाळीतली पोरं खडूनं मिशा काढायची. भांडण झालं की ती म्हणायची, "तुमच्या डिग्रीनं मला एक लुगडं न्हाई घेतलं. माझ्या आईनं दिलेल्या मशीननं तुमची डिग्री फेडली." तो उठायचा. बाहेर पायरीवर जाऊन बसायचा. त्याचं ते गप्प बसणं तिच्या डोक्यातच जायचं.

बरं, नुसते पैसे फेडून सुटका असती तर गोष्ट वेगळी. मंडळीचा रिवाज असा, की ज्यानं फंडातलं उचललं त्यानं ते फिटेपर्यंत दरसाल सणाला यायचं आणि लिलावाची हाळी द्यायची. गेली अकरा वर्षं दानिएल ती देत होता. आणि अशी द्यायचा म्हणता! एरवी चार शब्द न बोलणारा हा माणूस स्टुलावर चढला की दुसराच कुणी व्हायचा. हातात एक अंडं धरायचा आणि म्हणायचा, "हे साधं समजू नका! मालनबाईंच्या कोंबडीचं हाय. ती कोंबडी एक रविवार चुकत न्हाई, चुकता तुम्ही!" लोक हसायचे आणि बोली चढायची. "एकवार" म्हणून तो पाणी प्यायचा. "दोनवार" म्हणून कुणाच्या बाळंत लेकीची चौकशी करायचा. तिसरी हाळी देताना इतका रेंगाळायचा, की चिक्कूतल्या चिक्कू माणसाचा हात वर जायचा. बोली जिंकणाऱ्यानं पैसे कशात जमा करायचे ते सांगायचं, गरिबांसाठी, घंटेसाठी, नाहीतर शिक्षणासाठी. आणि घेतलेली वस्तू घरी न्यायची नाही, टेबलावर परत ठेवायची, म्हणजे ती पुन्हा विकायला मोकळी. एकेक अंडं पाचपाचदा विकलं जाई. मात्र तिसरी हाळी पडली की पडली. शलमोनमामा म्हणायचे, "त्यानंतर पाळकसाहेबांचीबी बोली घेणार न्हाई!"

रूथला त्याचं कौतुक वाटायचं, आणि तितकीच चीडही यायची. चार वर्षं राज्यशास्त्र शिकून हा माणूस अंडी विकतोय!

खुटबाव मागं पडलं, यवत मागं पडलं. पुण्यात उतरून त्यांनी नगरची एसटी धरली, ती सणसवाडीच्या पुढं बंद पडली आणि सगळ्यांनी उतरून ढकलली तेव्हा कुठं चालू झाली. शिरूरला पोचेपर्यंत दोघांचा पिट्टा पडला होता.

चर्चच्या आवारात निंबाखाली मांडव घातला होता. फाटकाजवळच एक जीप उभी, आणि जीपला टेकून हौसराव आबा. शंभर एकरांचे बागाईतदार, सोसायटीचे चेअरमन. यंदा पंचायत समित्या नव्यानंच निघणार होत्या आणि पहिल्या निवडणुकीला आबा उभे राहणार हे शिरूरच्या पोराटोरांना ठाऊक होतं. सणाला पाहुणे म्हणून पंचांनी त्यांना बोलावलं होतं. विहिरीसाठी, दुसरं कशाला!

"या मास्तर!" आबांनी हाक मारली. "तुमचीच वाट बघतोय. गेल्या साली तुमची हाळी ऐकली, तवापासनं डोक्यातनं जात न्हाई बघा. असा माणूस मालधक्क्यावर कुजतोय म्हंजी काय! आमच्या सोसायटीला सचिव पाहिजे. पावणेदोनशे पगार, ऱ्हायाला दोन खोल्या. कवा येताय बोला."

रूथनं तो आकडा मनात दोनदा म्हणून पाहिला. पावणेदोनशे! दोन खोल्या! कोळशाचा धूर नाही, रात्रपाळी नाही, संपतची सही नाही.

"आणि काम काय असंल, आबा?" दानिएलनं विचारलं.

"काम म्हंजी पत्रं, मिटिंगा. आन् उन्हाळ्यात जरा आमच्याबरोबर फिरायचं, बोलायचं. तुमच्या वस्तीची मतं एकगठ्ठा पडली पाहिजेत. तेवढं तुम्ही बघायचं."

"मत गुप्त असतं, आबा."

आबा खदखदून हसले. "म्हणून तर शिकलेला माणूस शोधतोय!"

"विचार करून सांगतो," दानिएल म्हणाला आणि नळावर तोंड धुवायला गेला.

रूथ तरातरा त्याच्या मागं गेली. "व्हय म्हणायला काय जिभेला फोड आला होता? जन्मात एकदा कुणी आपणहून दार उघडलं, आन् तुम्ही विचार करणार! अकरा वर्षं काय केलं मग?"

त्यानं ओल्या हातानं डोळे चोळले. ते तांबारलेले होते. "त्यांना सचिव नकोय, रूथ. हाळी देणारा पाहिजे."

"मग ते तर तुम्ही हायातच की!"

बोलून गेली खरी, आणि तिचं तिलाच लागलं. त्यानं हात झटकले आणि म्हणाला, "संध्याकाळी सांगतो त्यांना. व्हय म्हणूनच सांगतो. मी दमलोय गं." तिला हवं होतं तेच तो बोलला होता. तरी तिला बरं काही वाटलं नाही.

उपासनेआधी तिनं शलमोनमामांना गाठलं आणि रुमाल पुढं केला. "मामा, हा शेवटचा हप्ता. घ्या, आन् आम्हाला मोकळं करा."

मामांनी रुमाल परत तिच्या मुठीत दाबला. "आत्ता न्हाई, पोरी. लिलाव झाला की सगळ्यांच्या म्होरं घेतो. अकरा वर्षांनी कर्ज फिटतंय, कोपऱ्यात कशाला घ्यायचं? आन् दबोरालाबी बघू दे."

दबोरा म्हणजे घंटा वाजवणाऱ्याची सतरा वर्षांची पोर. हे पैसे फिटले की कॉलेजात जायचा नंबर तिचा. ती पहिल्या रांगेत ताठ बसली होती, वेणीला नवी रिबीन. रूथला तिच्याकडं बघवेना. बाई गं, विषय तरी जरा बघून घे, असं तिच्या ओठावर आलं होतं.

उपासना झाली. लिलाव सुरू झाला. दानिएल स्टुलावर चढला, आणि सकाळपासून पाय ओढत चालणारा तो माणूस पुन्हा एकदा दुसराच झाला. कोंबड्या गेल्या, पेंढ्या गेल्या, मालनबाईंचं अंडं चारदा विकलं गेलं. शेवटी राहिला एक भोपळा. हा मोठा, तांबडा, दोन हातांत न मावणारा. दरसालचा शेवटचा मान भोपळ्याचा असतो.

"पाच रुपये!" कुणीतरी म्हणालं. आठ झाले, दहा झाले, बारा झाले.

हौसराव आबा पाहुण्यांच्या खुर्चीत पान चघळत बसले होते. त्यांनी हात वर केला. "एकशे एक."

 भोपळ्याला एकशे एक? आबा उठून उभे राहिले. "आन् पैसे कशात जमा करायचे तेबी सांगतो. दानिएल मास्तरांच्या कर्जात! वर काय ऱ्हात असंल ते मी उद्या धाडतो. वस्तीचं कर्ज फिटलं, पोरीचं शिक्षण लागलं."

टाळ्या! अहो, काय टाळ्या पडल्या म्हणता! दबोरानं तर दोन्ही हात तोंडावर घेतले. शलमोनमामा डोळे पुसायला लागले. आणि दानिएल स्टुलावर दोन्ही हातांत भोपळा धरून उभा.

"एकशे एक, एकवार," तो म्हणाला. आवाज मालधक्क्यावरचा होता, स्टुलावरचा नव्हता. "दोनवार."

आणि थांबला. ह्यावेळी पाणी प्यायला नाही की कुणाच्या लेकीची चौकशी नाही. नुसता थांबला.

"म्हण की तिसरी!" आबा हसत ओरडले. "लाजतोस काय? कर्ज तुझं, हाळी तुझी. मंडळी, आजपासनं भोपळ्यासकट मास्तरबी आमचा बरं का!"

लोक हसले. लोकांना ती थट्टाच वाटली, आणि आबांनीही थट्टाच केली असेल. पण सकाळचं 'तुम्ही' आता 'तू' झालं होतं, आणि ते रूथनं ऐकलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो आता म्हणणार, तीन म्हणणार, हे तिला कळलं. त्याला पटलं होतं म्हणून नव्हे. भांडायला अंगात काही उरलं नव्हतं म्हणून. तिनंच तर नळावर त्याला तिथवर ढकलून आणलं होतं.

संतापानं तिनं रुमाल मुठीत आवळला. खांदा माझा गेला. डोळे माझे गेले. सणावाराला स्वतःच्या अंगावर नवं कापड न घालता, पै-पै करून मी हा माणूस फेडत आणला, आणि शेवटच्या दिवशी कुणी उठतो आणि भोपळ्याबरोबर घरी घेऊन जातो!

ती उभी राहिली. "एकशे दहा."

सगळ्या माना वळल्या. बायकांच्या बाजूनं कधी दोन रुपयांवर बोली गेली नव्हती. आबांच्या भुवया वर गेल्या, मग त्यांना गंमत वाटली. आता ते सव्वाशे म्हणणार, दीडशे म्हणणार, त्यांना काय! आणि रूथकडं एकशे दहाच्या वर एक आणासुद्धा नव्हता. परतीच्या तिकिटाचे पैसे तेवढे नवऱ्याच्या खिशात.

पण आबांचं तोंड पानानं भरलेलं. बोलायच्या आधी ते पिंक टाकायला मांडवाच्या कडेला वळले. वेळ भरपूर होता ना! मास्तर तिसरी हाळी द्यायला किती वेळ लावतो हे अख्ख्या शिरूरला माहीत होतं.

"एकशेदहाएकवारदोनवारतीनवार!"

एका दमात. मधे श्वास नाही. आणि भोपळा टेबलावर असा आदळला की पाण्याचा पेला खाली पडला.

आबा वळले तेव्हा ओठ अजून ओले होते. "अरं! मी बोलत होतो की!"

 सगळे शलमोनमामांकडं बघत होते. म्हातारा खाली बघत बसला होता. विहीर त्याच्या डोळ्यांपुढं असणार, तेवीस बायका रोज जिथून डोक्यावर घागरी आणतात तो ओढा असणार. मग तो गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उठला.

"तिसरी हाळी पडली, आबा," तो म्हणाला. "आता काय करता यायचं न्हाई."

आबा हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "बरं बरं. तुमचा रिवाज, तुम्हाला लखलाभ." जेवायला थांबले नाहीत. जीप फाटकातून बाहेर पडेपर्यंत मांडवात नुसता तिचाच आवाज होता.

"झालं," मालनबाई पुटपुटली. "गेली विहीर."

रूथनं पुढं जाऊन रुमाल सोडला. पैसे दोनदा मोजले. "शिक्षणाच्या फंडात," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या कर्जात." मामांनी सगळ्यांसमोर सांगितलं की कर्ज फिटलं. टाळ्या पडल्या, पण पहिल्यासारख्या नव्हत्या. दबोरा तेवढी उठून आली आणि तिनं रूथचा हात धरला. बराच वेळ सोडलाच नाही.

रूथनं भोपळा कडेवर घेतला.

"अगं, तो परत ठेवायचा असतो," मालनबाई म्हणाली. "पुन्हा बोली लागंल की."

"न्हाई ठेवत," रूथ म्हणाली. "हा मी घरी नेणार."

परतीच्या एसटीत गर्दी होती, पण मागं दोघांपुरती जागा मिळाली. भोपळा रूथच्या मांडीवर. कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं, मग तिचा चेहरा पाहून पुढं गेला. बाहेर दिवस मावळत होता. 

"पावणेदोनशे होते, रूथ," शेवटी दानिएल म्हणाला.

"ठाऊक हाय."

"दोन खोल्या होत्या."

"सकाळी मीच नाचत होते त्या खोल्यांपायी. सांगू नका मला."

"आणि वस्तीची विहीर." त्यानं कपाळावरून हात फिरवला. "मी तीन म्हणणार होतो. त्यांच्या बोलीवर."

"तेबी ठाऊक हाय. तोंड बघितलं ना मी तुमचं."

"मग?"

"मग काय मग!" तिचा आवाज चढला, पुढच्या बाकड्यावरचा माणूस वळून बघायला लागला. "एवढी वर्षं खांदा मोडून फेडलं, ते काय कुणी भोपळ्यावर फुकट न्यावं म्हणून? माझं हाय ते. चांगलं असू दे न्हाईतर वाईट असू दे, डिग्री म्हणा न्हाईतर माणूस म्हणा, मी फेडलंय. मी न्हाई कुणाला देणार." आणि मग ती रडायला लागली. भोपळ्यावर कपाळ टेकून, भर एसटीत, कुणाची पर्वा न करता.

दानिएलनं काही समजूत घातली नाही. त्याला ती कधी जमलीच नव्हती. त्यानं तिच्या हाताखालून भोपळा हळूच काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. उद्या रात्री पुन्हा पाळी होती. संपतला रजेचं सांगायचं होतं, धक्क्यावर बाजरीच्या वाघिणी लागणार होत्या. वर्षानुवर्षं तो हेच करत आला होता आणि आणखी वीस वर्षं हेच करायचं होतं.

रूथचे डोळे मिटत आले. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर कलंडलं.

"लई जड हाय," ती झोपेतच म्हणाली. "खाली ठेवा."

"असू दे," तो म्हणाला.

गाडीत बसलं की पाचव्या मिनिटाला घोरणारा तो माणूस त्या दिवशी पुण्यापर्यंत जागा राहिला.